भाड्याच्या फ्लॅटमधला गिझर बंद पडला, पैसे कोणाचे?

डिसेंबरमधली सकाळ. वाकडचा टू बीएचके, आम्ही तिघं रूममेट. पहिला नंबर असलेल्या रूममेटने गिझरचं बटण दाबलं आणि अख्ख्या घरातली लाइट गेली. फ्यूज बॉक्स उघडून मोठं बटण वर केलं, लाइट आली. गिझर लावला, परत गेली. तिसऱ्यांदा करून बघितल्यावर कळलं की आज थंड पाण्याने अंघोळ करायची किंवा करायचीच नाही.

ओनर काका नाशिकला असतात. त्यांना मेसेज टाकला. उत्तर आलं, "तुम्ही राहायला आलात तेव्हा गिझर चालू होता. वापरता तुम्ही, दुरुस्तीपण तुम्हीच करून घ्या." आमच्या ग्रुपवर लगेच भांडणाची तयारी सुरू झाली. मला मात्र वाटलं, काकांचं म्हणणं चूक आहे हे आपण तरी कशावरून ठरवलं? मी कोड लिहितो, वायरिंग करत नाही. पण बग कुठे आहे हे न बघता तो कोणाचा हे ठरवायचं नाही, एवढं ऑफिसने शिकवलंय.

आधी बिघाड समजून घ्या

साध्या स्टोरेज गिझरमध्ये एक टाकी, पाणी तापवणारं एलिमेंट, ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा थर्मोस्टॅट आणि तो अडकलाच तर शेवटचा उपाय म्हणून थर्मल कटआउट असतो. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड असतो. तो टाकीऐवजी स्वतः झिजतो, त्यामुळे दर काही वर्षांनी बदलावा लागतो. भाड्याच्या घरात तो कोणी बदलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

आता एलिमेंट. बाहेर धातूची नळी, मध्ये तापणारी तार आणि दोघांच्या मधे मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर. ही पावडर उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. आमच्या सोसायटीत बरंचसं पाणी टँकरचं आणि बोअरचं, म्हणजे जड पाणी. ते तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो, आपल्या किटलीच्या तळाशी बसतो तसाच. एलिमेंट तर २००० वॉटची उष्णता तयार करतच राहतं, पण चुन्याच्या थरातून ती पाण्यापर्यंत सहज जात नाही. मग नळी नको तितकी तापते आणि कधीतरी तिला चीर जाते. चिरेतून पाणी आत शिरलं की ती पावडर ओली होते आणि वीज पाण्यात, टाकीत उतरायला लागते. गिझरमधून खडखड किंवा उकळल्यासारखा आवाज येत असेल तर चुना साठल्याची ती एक खूण असते. आमचा गिझर दिवाळीपासून खडखडत होता आणि आम्ही हेडफोन लावून बसलो होतो.

लाइट का गेली, तेही बघू. फ्यूज बॉक्समध्ये दोन प्रकारची बटणं असतात. एमसीबी जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडतो. आरसीसीबी वेगळं काम करतो: फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत मोजतो. घरात सहसा लावतात त्या आरसीसीबीला ३० मिलीॲम्पिअरचा फरक दिसला की तो क्षणार्धात वीज तोडतो. कारण तो हरवलेला करंट कुठूनतरी जमिनीत जातोय, आणि ते 'कुठूनतरी' म्हणजे बादलीत हात घातलेला माणूसही असू शकतो.

हे मला त्या दिवशी संध्याकाळी वाचून कळलं. दुपारी कोपऱ्यावरचा वायरमन येऊन गेला होता. त्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आरसीसीबी सारखा ट्रिप मारतोय. बायपास करून देतो, तीनशे रुपये द्या, गरम पाणी चालू." आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. सुट्टे नव्हते म्हणून राहिलं.

तुमच्या फ्लॅटमध्ये आधीच्या भाडेकरूसाठी हे कोणी करून ठेवलेलं असू शकतं. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं. कॉम्प्युटर बंद करून ते दाबा. लाइट जायला पाहिजे. गेली नाही तर गिझर बंद ठेवा आणि चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड तपासून घ्या.

कायदा काय म्हणतो

इथे बहुतेक जणांचा एक गैरसमज असतो. माझाही होता. गुगल केलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम १४ समोर येतं. ते वाचून भाडेकरूला आनंद होतो: वेगळा करार नसेल तर जागा राहण्यालायक ठेवणं घरमालकावर बंधनकारक. नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत.

पण आपण सही करतो तो ११ महिन्यांचा कागद बहुतेक वेळा 'लीव्ह अँड लायसन्स' असतो. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, लायसन्सी असता, म्हणजे जागा वापरायची परवानगी मिळालेला माणूस. कलम १४ मधला हक्क भाडेकरूचा आहे. त्यामुळे ते कलम फॉरवर्ड करून भाडं कापून पाठवू नका. ओनर तेवढी रक्कम डिपॉझिटमधून कापेल आणि वाद तुमच्याच अंगावर येईल.

दुसऱ्या बाजूने ओनरलाही एक कागद सापडतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने मॉडेल टेनन्सी ॲक्ट आणला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कामांची चक्क वाटणी आहे. पाइप बदलणं, मुख्य वायरिंग आणि रंगकाम मालकाकडे. नळाचे वॉशर, स्विच आणि, हो, गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे! काकांनी हे वाचलं असतं तर मी गप्पच झालो असतो. पण हा नमुना कायदा आहे, राज्याने स्वीकारला तरच तिथे लागू होतो. महाराष्ट्रात आपला १९९९ चाच कायदा चालतो. आणि माझं मत विचाराल तर नळाचा वॉशर आणि वर्षानुवर्षं जुना गिझर एकाच यादीत टाकणं मला पटत नाही.

मग उरतं काय? तुमचं ॲग्रीमेंट. माझं उघडून पहिल्यांदाच नीट वाचलं (सही करताना फक्त आकडे बघितले होते). त्यात होतं की लायसन्सीमुळे झालेलं नुकसान लायसन्सीने भरून द्यायचं, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यात धरायची नाही. शेवटी सामानाच्या यादीत 'गिझर – २' असंही होतं. म्हणजे प्रश्न एवढाच उरला, एलिमेंट आमच्या चुकीने गेलं की झिजून गेलं?

ॲग्रीमेंट रजिस्टर नसेल तर काय, असा प्रश्न काही जणांना पडला असेल. कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सही लेखी आणि नोंदणीकृत असावं लागतं आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसं नसेल तर अटींबद्दल तुम्ही जे सांगाल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. "कशाला रजिस्टर करायचं, खर्च वाढतो" म्हणणाऱ्या ओनरला हे प्रेमाने सांगा.

फोनमध्ये काय ठेवलं

सगळ्यात कामाचा निघाला तो गिझरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरचा फोटो. त्यावर सीरियल नंबर आणि बनवल्याचा महिना होता: २०१८ मधला. आम्ही राहायला आलो जून २०२४ मध्ये. सहा महिन्यांत सहा वर्षांचा चुना आम्ही कसा साठवणार?

दुसरं, व्हिडिओ. एकाच शॉटमध्ये, कट न करता: फ्यूज बॉक्स, गिझरचं बटण, लाइट जाणं. तीस सेकंद पुरतात. हे एकदाच करा, मजा म्हणून परत परत नको. आणि गिझरला किंवा नळाला हात लावू नका.

तिसरं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलावला तर जॉब शीटवर कारण लिहून घ्या. "एलिमेंट बदललं" एवढं पुरत नाही. आमच्या माणसाने लिहिलं, "चुना साठून एलिमेंट लीक, ॲनोड रॉड संपलेला." त्याला हे लिहायला एक मिनिट लागला. वॉरंटीही सीरियल नंबर देऊन विचारा. टाकीची वॉरंटी बऱ्याचदा एलिमेंटपेक्षा जास्त वर्षांची असते. आमची दोन्ही संपली होती.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं. फोटो नेहमीसारखा पाठवला की ॲप तो लहान करतं आणि त्यातली तारीख, कॅमेरा वगैरे माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून उडवू नका. ओनरच्या चॅटला डिसअपिअरिंग मेसेज चालू नाहीत ना, बघा. फोनवर बोलणं झालं की लगेच एक ओळ टाका, "काका, आत्ता बोललो त्याप्रमाणे उद्या मेकॅनिक येतोय, रिपोर्ट पाठवतो." कॉल रेकॉर्ड करत बसण्यापेक्षा हे सरळ आहे आणि समोरच्याला रागही येत नाही.

प्रकरण कोर्टात गेलंच, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही द्यावी लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश बदलते, म्हणून क्रॉप केलेला, बाण काढलेला फोटो वेगळा सेव्ह करा, मूळ फाइलला हात लावू नका. अठराशे रुपयांसाठी कोर्टात कोणी जात नाही, हे मलाही माहीत आहे. पण डिपॉझिट पन्नास-साठ हजारांचं असतं.

काकांचा जुगाड

दुसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. आवाज मऊ होता. "माझ्या भावाकडे जुना गॅस गिझर पडून आहे, तोच लावून टाका. वीजबिलही वाचेल तुमचं." रूममेट खूश. आमच्या बाथरूमला खिडकी म्हणजे डक्टमध्ये उघडणाऱ्या चार काचा, त्याही रंगाने चिकटलेल्या.

गॅस जळायला ऑक्सिजन लागतो. बंद छोट्या बाथरूममध्ये तो भराभर संपतो, मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, चक्कर येते, मळमळतं, आणि आतल्या माणसाला वाटतं की गरम पाण्याने होत असेल. तो खाली पडतो तेव्हा कडी आतून लावलेली असते. दर हिवाळ्यात पेपरला अशा बातम्या येतात. गॅस गिझर लावायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या बाल्कनीत लावायचा आणि आत फक्त पाण्याचा पाइप आणायचा. कोणाला त्रास झालाच तर गॅस बंद, दार उघडं, माणूस मोकळ्या हवेत आणि १०८ ला फोन.

मी काकांना लिहिलं, "काका, बाथरूमला हवा जायला जागा नाही. गॅस गिझर आम्ही लावणार नाही. काही झालं तर तुमच्याच फ्लॅटमध्ये होईल." सोबत त्या चिकटलेल्या काचांचा फोटो, स्टिकरचा फोटो आणि जॉब शीट. दोन तास ब्लू टिक. मग आलं, "ठीक आहे. बिल पाठव."

व्हिजिट ४००, एलिमेंट १,१००, ॲनोड रॉड ३५०. व्हिजिटचे आम्ही दिले, बाकीचे १,४५० काकांनी यूपीआयने पाठवले. मधले पाच दिवस गॅसवर पातेल्यात पाणी तापवून काढले. हीटिंग रॉड आणला होता, पण तो वापरायचा असेल तर प्लग काढल्याशिवाय बादलीला हात लावायचा नाही, आणि सकाळी साडेसातला हे लक्षात ठेवण्याइतका जागा आमच्यातला कोणीच नसतो.

पुढच्या ॲग्रीमेंटला मी एक ओळ घालून घेतली. हवी असेल तर कॉपी करा: "यादीतील विद्युत उपकरणांमध्ये वयोमानाने किंवा पाण्यातील क्षारांमुळे बिघाड झाल्यास दुरुस्तीचा वा बदलण्याचा खर्च लायसन्सर करेल; चुकीच्या वापरामुळे बिघाड झाल्यास लायसन्सी करेल; बिघाडाचे कारण कंपनीच्या मेकॅनिकच्या लेखी अहवालावरून ठरेल." काकांनी वाचलं आणि त्यात स्वतः एक भर घातली, की वर्षातून एकदा चुना काढून घ्यायचा खर्च आमचा. मान्य केलं. जानेवारीच्या पहिल्या रविवारचं रिमाइंडर तिघांच्याही फोनमध्ये आहे.