२०१ व्होल्टचे ६५० कसे होतात?

२००४ आणि २०१० च्या टोयोटा प्रियसच्या बॅटरीतून निघत असे सुमारे २०१ व्होल्टचा डीसी प्रवाह. मोटरला मात्र हवा असतो त्याहून चढ्या दाबाचा, तीन फेजचा एसी प्रवाह. मधले काम दाब चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर आणि डीसीचा एसी करणारा इन्व्हर्टर करतात.

२००४ च्या मॉडेलमध्ये कन्व्हर्टर हा दाब ५०० व्होल्टपर्यंत चढवत असे, २०१० च्या मॉडेलमध्ये ६५० पर्यंत. दाब चढला की तेवढ्याच शक्तीला कमी प्रवाह पुरतो, तारा कमी तापतात. मोटरचा कमाल वेगही मिनिटाला ६,००० फेऱ्यांवरून १३,५०० वर गेला आणि आकाराने लहान झालेली मोटर ५० ऐवजी ६० किलोवॅट देऊ लागली! अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने या दोन्ही गाड्यांचे भाग सुटे करून तपासले आणि अहवाल सर्वांसाठी खुले केले. संशोधकांसाठी ही मोठीच सोय झाली.

इन्व्हर्टरमधले सिलिकॉनचे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. दरवेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचमध्ये ही गळती बरीच कमी असते. टेस्लाने २०१७ मध्ये आलेल्या ‘मॉडेल ३’च्या इन्व्हर्टरमध्ये तेच बसवले.