ब्राउनसी बेटावरील शिबिर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तेथील पूल ह्या बंदराच्या विस्तीर्ण खाडीत पाइन वृक्षांनी झाकलेले एक लहानसे बेट दिसते. त्याचे नाव ब्राउनसी. क्षेत्रफळ जेमतेम ५०० एकर. परंतु त्याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीच्या अखेरीस बंदराच्या रक्षणासाठी येथे एक गढी बांधण्यात आली. पुढे १८५२ मध्ये वॉ नावाच्या एका कर्नलने हे बेट विकत घेतले. येथील मातीपासून उत्तम चिनी मातीची भांडी होतील, अशी त्याची समजूत होती. त्याने कारखाना उभारला, कामगारांसाठी गाव वसविले, चर्चही बांधले. पण ती माती सांडपाण्याच्या नळांपुरतीच उपयोगी निघाली! कर्नल कर्जबाजारी होऊन परागंदा झाला. त्या कारखान्यातील खापरांचे तुकडे किनाऱ्यावर आजही विखुरलेले आढळतात.

ह्या बेटाचे नाव जगभर झाले ते मात्र १९०७ सालच्या उन्हाळ्यातील एका शिबिरामुळे.

रॉबर्ट बेडन-पॉवेल हे इंग्रज सेनेतील सेनापती होते. दक्षिण आफ्रिकेतील मेफेकिंग हे गाव त्यांनी १८९९-१९०० मध्ये २१७ दिवस वेढ्यात लढविले. तेथे किशोरवयीन मुलांनी निरोप पोहोचविण्याचे काम धैर्याने केले होते. मुलांवर विश्वासाने जबाबदारी टाकली तर ती पार पाडतात, हे त्यांनी पाहिले. आता त्यांना ह्याची परीक्षा शांततेच्या काळात घ्यावयाची होती.

त्या काळी इंग्लंडात श्रीमंतांची मुले ईटन, हॅरो ह्यांसारख्या खर्चिक शाळांत शिकत, तर कष्टकऱ्यांची मुले लहान वयातच कामाला लागत. दोघांची सहसा गाठही पडत नसे. बेडन-पॉवेल ह्यांनी दोन्ही प्रकारची मिळून सुमारे वीस मुले निवडली. शुल्कही ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे होते : श्रीमंतांस एक पौंड, म्हणजे वीस शिलिंग, आणि इतरांस अवघे साडेतीन शिलिंग.

१ ऑगस्ट रोजी शिबिर सुरू झाले. पहाटे कुडू नावाच्या आफ्रिकी हरणाचे लांब शिंग फुंकले जाई. ते माताबेले लोकांविरुद्धच्या युद्धातून आणलेले होते. त्या आवाजासरशी तंबू जागे होत. मुलांची चार पथके पाडली होती : लांडगे, बैल, डोमकावळे आणि कर्ल्यू नावाचे पाणपक्षी. प्रत्येक पथकाची धुरा एका थोरल्या मुलाकडे सोपविलेली असे. शिबिराचा प्रमुख सेनापती, तरी कवायतीचे स्तोम नव्हते. मुले पाऊलखुणांवरून माग काढीत, दोरांच्या गाठी मारीत, जखमीवर प्रथमोपचार करण्यास शिकत. रोज रात्री एक पथक पीठ, मांस व भाजी घेऊन तळापासून दूर जाई, स्वतः रांधून खाई आणि पहारा करी. अमिराचा मुलगा आणि मजुराचा मुलगा एकाच चुलीभोवती बसत, हेच ह्या शिबिराचे खरे नवल!

१९०८ मध्ये बेडन-पॉवेल ह्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक भागशः प्रसिद्ध होऊ लागले. ते वाचून मुलांनी, कोणी सांगण्याची वाट न पाहता, गावोगावी आपापली पथके उभारली. बालवीर चळवळीचा आरंभ असा झाला.

बेटाचे दैव मात्र फिरले. १९२७ मध्ये मेरी बॉनहॅम-क्रिस्टी ह्या बाईंनी ते विकत घेतले आणि लोकांस तेथे मज्जाव केला. गाव ओस पडले. १९३४ च्या वणव्यात बेटाचा मोठा भाग होरपळला. रहिवाशांवर हा अन्यायच झाला. तथापि माणसाचा वावर थांबल्याने रान पुन्हा दाट वाढले. इंग्लंडात अन्यत्र अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारींपुढे तांबड्या खारी हटत गेल्या. येथे पाण्याचा वेढा असल्यामुळे त्या टिकल्या.

१९६१ मध्ये बाई वारल्या. बेट विकले जाऊन तेथे बंगले उठण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा परिसरातील लोकांनी खटपट करून निधी जमविला. १९६२ मध्ये ते नॅशनल ट्रस्ट ह्या संस्थेच्या स्वाधीन झाले आणि पुढील वर्षी सर्वांस खुले झाले. त्या समारंभास बेडन-पॉवेल ह्यांच्या पत्नी ऑलिव्ह उपस्थित होत्या. शिबिराची आठवण म्हणून १९६७ मध्ये तेथे एक स्मारकशिला बसविण्यात आली. तिच्या जवळच्या मैदानावर देशोदेशींचे बालवीर आजही तंबू ठोकतात.