प्लग बदलले आणि गाडी मिसिंग मारू लागली

घरच्या घरी स्पार्क प्लग बदलले, बॉनेट लावलं, चावी फिरवली आणि इंजिन थरथरू लागलं. कालपर्यंत नीट चालणारी गाडी अशी मिसिंग मारू लागली, की लोक लगेच नव्या महागड्या पार्टची ऑर्डर देतात. माझं मत याच्या उलट आहे. जे काढलं, खोललं किंवा नुसतं बाजूला सारलं, तिथेच आधी शोधावं.

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण नीट न पेटणं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं, तेव्हा हे मिश्रण सेकंदाला १०० वेळा पेटतं. त्यातलं एखादं हुकलं, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कसं कळतं? ठिणगी पाहून नव्हे, तर वेगावरून. क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या दातेरी चकतीवर एका सेन्सरची नजर असते. एक सिलिंडर पेटला नाही, की पुढच्या अर्ध्या फेऱ्यात क्रँक किंचित मंदावतो आणि दोन दात्यांमधला वेळ वाढतो. एवढ्या बारीक फरकावरून नेमका सिलिंडर ओळखला जातो. या सगळ्या यंत्रणेतलं हे काम मला सर्वांत देखणं वाटतं.

स्कॅनर लावला की पी ०३०२ असा कोड दिसतो. म्हणजे दुसरा सिलिंडर मिस होतोय. कोड जागा सांगतो, कारण सांगत नाही. कॉईलचा कनेक्टर ‘टक’ आवाज येईपर्यंत बसला आहे का, हे आधी पाहावं. जुन्या गाड्यांत प्लगच्या वायरींची अदलाबदल होते. बहुतेक चार सिलिंडर इंजिनांचा क्रम १-३-४-२ असतो, १-२-३-४ नव्हे. पाना तिरका लागला तर प्लगच्या चिनी मातीला केसाएवढा तडा जातो आणि हजारो व्होल्टचा दाब टोकाशी ठिणगी पाडण्याऐवजी त्या तड्यातून निसटतो. प्लग हातातून पडला असेल, तर टोकाची फट मिटलेली असू शकते.

तरीही सापडलं नाही, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉईल तिसऱ्यावर लावा, कोड पुसा, इंजिन चालू करा. कोड पी ०३०३ झाला, तर कॉईल खराब. पी ०३०२ च राहिला, तर कॉईल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेतही हाच नियम असतो.

इनटेक मॅनिफोल्ड खोललं असेल, तर गॅस्केट आणि निसटलेले व्हॅक्यूम पाइप तपासा. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत, त्याच्या पुढून शिरलेली हवा मोजलीच जात नाही. पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जास्त असतो, म्हणून तेव्हा इंजिन थरथरतं आणि रेस केल्यावर सुधारतं.

चालू इंजिनची प्लग वायर उपटून पाहण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्या. जबर शॉक बसतो, इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर ‘गॅरेजपर्यंत जाईल’ म्हणून गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, त्या उष्णतेने तो आतून वितळतो आणि मग काही हजारांचं काम कितीतरी महाग पडतं. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा.