नोकरी करणाऱ्या महिलांसाठी आरोग्याच्या सोप्या सवयी : थकवा ‘चालायचाच’ असे समजू नका

“डॉक्टर, विशेष काही नाही, थोडा थकवा येतो एवढंच.” नोकरी करणाऱ्या अनेक महिला हे वाक्य अगदी शेवटी, निघता निघता बोलतात. बऱ्याचदा त्या स्वतःला दाखवायला आलेल्याही नसतात. मुलाचा खोकला किंवा सासूबाईंचे गुडघे दाखवायला आलेल्या असतात. थोडी चौकशी केली की दिनक्रम समजतो. सकाळी फक्त चहा. सगळ्यांचे डबे भरून झाल्यावर उरेल तो स्वतःचा डबा. ऑफिसमध्ये स्वच्छतागृह नीट नाही म्हणून पाणी कमी. रात्री सगळे आवरून झोपायला साडेबारा.

अशा महिलेला “रोज एक तास व्यायाम करा” असे सांगून उपयोग होत नाही, कारण तो तास तिच्याकडे नसतो. म्हणून या लेखात वेगळा वेळ न काढता, आहे त्याच दिनक्रमात बसतील अशा सवयी पाहू. त्याआधी थकव्याबद्दल थोडे समजून घेऊ.

थकवा नेहमी कामामुळेच येतो का?

नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के भारतीय महिलांमध्ये रक्तक्षय (ॲनिमिया) आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. गरोदर नसलेल्या महिलेचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, तर तिला रक्तक्षय आहे असे समजतात.

हिमोग्लोबिन हळूहळू कमी होते, त्यामुळे शरीराला त्याची सवय होते. जिना चढताना धाप लागणे, केस गळणे, डोके दुखणे, चिडचिड होणे ही लक्षणे ‘वयामुळे’ किंवा ‘धावपळीमुळे’ आहेत असे वाटत राहते. थायरॉइडचा त्रास, मधुमेह, बी-१२ किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता आणि नैराश्य यांमुळेही असाच थकवा येतो. म्हणून दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ थकवा राहिला, तर आधी तपासणी करा. त्याआधीच मनाने टॉनिक सुरू करू नका.

१. उपाशीपोटी घर सोडू नका

रात्रीच्या जेवणानंतर थेट दुपारच्या डब्यापर्यंत पोट रिकामे राहिले, तर पित्त, डोकेदुखी आणि अकरा वाजता वडापाव किंवा बिस्किटांवर ताव, हे ठरलेलेच. नाश्त्याला वेळ नसेल, तर एक पोळी-भाजी गुंडाळून घ्या, किंवा एक उकडलेले अंडे, किंवा एक केळे आणि मूठभर शेंगदाणे. पर्समध्ये फुटाणे, शेंगदाणे, खजूर यांची छोटी डबी कायम ठेवा. बस किंवा लोकलमध्येही ती उघडता येते.

२. चहा सोडू नका, त्याची वेळ बदला

भारतीय आहारशास्त्रीय शिफारशींनुसार प्रौढ महिलेला रोज सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते, तर पुरुषाला १९. मासिक पाळीत दर महिन्याला लोह बाहेर जात असल्याने महिलांची गरज जास्त असते. आपल्या शाकाहारी जेवणातले लोह मुळातच शरीरात कमी शोषले जाते. त्यावर लगेच चहा-कॉफी घेतली, तर त्यातील टॅनिनसारख्या घटकांमुळे ते आणखी कमी मिळते.

पोह्यांवर आपण लिंबू पिळतो, ते योग्यच आहे. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते. मात्र त्याच बशीसोबत चहाचा कप असेल, तर तो फायदा कमी होतो. म्हणून :

- जेवण किंवा नाश्ता आणि चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवा.
- डब्यात लिंबाची फोड ठेवा. हंगामात पेरू किंवा आवळा खा.
- मोड आलेली मटकी, हरभरे, चवळी, राजगिरा, बाजरी आणि पालेभाज्या आलटून पालटून घ्या. मोड आणल्याने कडधान्यातील लोह अधिक मिळते.
- मांसाहार करत असाल तर मासे, मटण यांतील लोह सहज शोषले जाते.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील, तर त्या चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. या गोळ्यांनी शौचाला काळसर होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढले म्हणून गोळ्या लगेच थांबवूही नका. शरीरातील लोहाचा साठा भरून निघायला पुढे आणखी काही महिने लागतात.

३. पाणी टाळू नका, लघवी रोखू नका

प्रवास लांबचा, स्वच्छतागृह अस्वच्छ किंवा दूर, म्हणून पाणीच न पिणाऱ्या महिला खूप आहेत. शिक्षिका, कंडक्टर, परिचारिका, दुकानात काम करणाऱ्या महिला यांना ही अडचण रोजची आहे. महिलांचा मूत्रमार्ग लहान, जेमतेम ४ सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. पाणी कमी प्यायले आणि लघवी तासन् तास साठून राहिली, तर त्यांना वाढायला वेळ मिळतो.

घरून निघण्यापूर्वी, कामावर पोहोचल्यावर, डब्याच्या सुट्टीत आणि परत निघताना, अशा चार वेळा ठरवून घ्या. घाई नसली तरी जाऊन या. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल, तर पाणी पुरेसे आहे. गडद असेल तर वाढवा. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारा. कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसेल, तर सगळ्याजणींनी मिळून ते मागा. ही गरज आहे, त्यात संकोच नको.

४. हालचाल तुकड्यांमध्ये करा

आठवड्याला १५० मिनिटे मध्यम गतीची हालचाल पुरेशी आहे. एक थांबा आधी उतरून भरभर चालणे, लिफ्टऐवजी जिना, फोनवर बोलताना फेऱ्या मारणे हे सगळे त्यात मोजा. बैठे काम असेल तर दर पाऊण तासाने उठा. उभ्याचे काम असेल तर अधूनमधून टाचा वर-खाली करा आणि घरी आल्यावर दहा मिनिटे पाय उंचावर ठेवून पडा. आठवड्यातून दोनदा हाताचा आधार न घेता खुर्चीवरून १०-१५ वेळा उठा-बसा. त्याने मांड्यांचे स्नायू बळकट होतात.

५. झोप आणि पाळी, दोन्हींची नोंद ठेवा

रोज सात तास झोप हवी. सकाळची उठायची वेळ बदलता येत नसेल, तर झोपायची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणा. हा अर्धा तास बहुधा मोबाइलमधून मिळतो.

पाळीची तारीख आणि रक्तस्राव किती दिवस होतो, हे कॅलेंडरवर लिहा. सात दिवसांपेक्षा जास्त रक्तस्राव, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे किंवा मोठ्या गाठी पडणे हे नेहमीचे नाही. बऱ्याच महिलांच्या रक्तक्षयाचे कारण इथेच सापडते.

६. वर्षातून एक दिवस स्वतःच्या तपासणीसाठी

वाढदिवसाचा आठवडा ठरवून टाका म्हणजे विसरणार नाही. रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि तिशीनंतर रक्तातील साखर तपासा. तिशीनंतर स्तनांची आणि गर्भाशयमुखाची कर्करोगासाठीची तपासणी किती अंतराने करायची, हे डॉक्टरांना विचारा. सरकारी आरोग्य केंद्रांमध्येही या तपासण्यांची सोय असते.

डॉक्टरांना लगेच कधी भेटावे?

- छातीत दाब, अचानक धाप, घाम, जबडा किंवा पाठीत दुखणे. महिलांमध्ये हृदयविकाराच्या झटक्यात छातीत तीव्र कळ येईलच असे नाही. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालयात जा.
- लघवीला जळजळ, त्यासोबत थंडी वाजून ताप किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखणे.
- स्तनात गाठ, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्तस्राव.
- काही कारण नसताना वजन कमी होणे, सतत उदास वाटणे.

घरच्या मंडळींसाठी

या सवयी एकटीने पाळायच्या नाहीत. तिचा डबा सगळ्यांत शेवटी भरला जात असेल, तर तो आधी भरा. रात्रीची भांडी आणि उद्याची भाजी निवडणे वाटून घ्या, तिला तो झोपेचा अर्धा तास मिळेल. ती “थोडा थकवा आहे” म्हणाली, तर “आराम कर” एवढेच म्हणून थांबू नका. तपासणीला सोबत जा.

आणि तुम्ही स्वतः हे वाचत असाल, तर सगळ्या सवयी एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फक्त चहाची वेळ बदला. पुढच्या आठवड्यात पर्समध्ये डबी ठेवा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात मुलाला घेऊन याल, तेव्हा थकव्याची गोष्ट शेवटी नको, सुरुवातीलाच सांगा.