शाळेतील पोलीस : एकाच माणसाकडे तीन कामे
(लेखमाला : शाळा आणि शासनसंस्था, लेखांक ६)

अमेरिकेत १९७५ च्या सुमारास पोलीस अधिकारी कायमस्वरूपी नेमलेला आहे अशा सरकारी शाळांचे प्रमाण जेमतेम १ टक्का होते. २०१७-१८ च्या शालेय वर्षापर्यंत निम्म्याहून अधिक शाळांच्या आवारात आठवड्यातून किमान एकदा तरी, अटकेचे अधिकार असलेला पोलीस हजर राहू लागला होता. मागील लेखांकात सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांचा विचार झाला. मुलाने शाळेत आलेच पाहिजे असे शासन एकदा ठरवते, तेव्हा त्या मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारीही शासनावर येते. मात्र ती जबाबदारी शिक्षकाने पार पाडावी, समुपदेशकाने पार पाडावी की पोलिसाने, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकी समाजाने गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा बदलले आहे. त्या बदलांचा मागोवा घेणे हा या लेखांकाचा विषय आहे.

भारतीय वाचकाने आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आपल्याकडे पोलीस हा राज्य शासनाचा विषय आहे, तर अमेरिकेत पोलीस यंत्रणा मुख्यतः स्थानिक असते : शहराचे पोलीस खाते वेगळे, परगण्याचा निवडून आलेला शेरीफ वेगळा, आणि शाळांचा कारभार पाहणारी निर्वाचित शिक्षण मंडळे या दोहोंपासून स्वतंत्र. त्यामुळे ‘शाळेतील पोलीस’ ही एकसाची व्यवस्था नाही. बहुतेक ठिकाणी शिक्षण मंडळ शहर पोलीस किंवा शेरीफ यांच्याशी करार करून अधिकारी मागवून घेते, आणि अशा अधिकाऱ्याला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ म्हणतात. लॉस एंजेलिसमध्ये आणि टेक्सास राज्यातील अनेक ठिकाणी शिक्षण मंडळाचे स्वतःचेच पोलीस खाते असते. न्यूयॉर्क शहरात १९९८ मध्ये शाळांचे सुरक्षा कर्मचारी शिक्षण मंडळाकडून काढून शहर पोलिसांच्या ताब्यात देण्यात आले, मात्र त्यांच्याकडे बंदूक नसते. अधिकाऱ्याचा पगार कोण देते, त्याची बदली कोण करते आणि त्याच्याविरुद्धची तक्रार कोणाकडे जाते, हे यांपैकी कोणती व्यवस्था आहे यावर ठरते. आणि पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक त्या अधिकाऱ्याचा वरिष्ठ नसतो, ही बाब पुढील सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

या व्यवस्थेचा उगम बहुधा मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरात सांगितला जातो. जनरल मोटर्सच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या या शहरात मॉट प्रतिष्ठानाच्या पैशातून शाळा हे साऱ्या वस्तीचे केंद्र बनवण्याचा प्रयोग चालू होता, आणि १९५० च्या दशकात त्याचाच एक भाग म्हणून शाळेत पोलीस अधिकारी नेमण्यात आला. समुपदेशक आणि परिचारिका यांच्या जोडीने त्याने काम करावे, वाट चुकू लागलेले मूल न्यायालयाच्या दारात जाण्यापूर्वीच हेरावे आणि पोलिसांविषयीची मुलांच्या मनातील भीती कमी करावी, अशी अपेक्षा होती. हेतू सद्भावनेचा होता, हे मान्य करायला हवे. पण १९६० च्या दशकाच्या आरंभी ॲरिझोना राज्यातील टक्सन येथे असाच उपक्रम सुरू झाला, तेव्हा नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी लगेच विचारले की पालक जवळ नसताना शाळेच्या खोलीत पोलीस मुलाला प्रश्न विचारणार असेल, तर ते बोलणे म्हणजे सल्लामसलत समजायची की चौकशी. या प्रश्नाचे पुरे उत्तर आजही मिळालेले नाही.

त्या काळाची दुसरी बाजूही नजरेआड करून चालणार नाही. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५७ मध्ये लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत पोहोचवण्यासाठी केंद्र सरकारला लष्कर पाठवावे लागले. तिथे गणवेश विद्यार्थ्यांच्या रक्षणासाठी उभा होता. पुढील दोन दशकांत मात्र, एकत्रीकरण होत असलेल्या शहरी शाळांमधील तणाव हा कृष्णवर्णीय मुलांच्या ‘बेशिस्ती’चा प्रश्न म्हणून मांडला जाऊ लागला आणि पोलिसांची नेमणूक त्याच शाळांत आधी व अधिक झाली.

१९८० च्या दशकात अमली पदार्थविरोधी मोहिमेने पोलिसाला थेट वर्गात आणले. १९८३ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी सुरू केलेल्या ‘डेअर’ या उपक्रमात गणवेशातील अधिकारी मुलांना अमली पदार्थांपासून दूर राहण्याचे धडे देत असत. १९९० च्या दशकात सूर अधिक कठोर झाला. बालगुन्हेगारांची एक निर्दय पिढी उदयाला येत असल्याचे भाकीत काही अभ्यासकांनी केले. वास्तविक १९९० च्या दशकाच्या मध्यापासून अल्पवयीनांकडून होणारे हिंसक गुन्हे घटू लागले होते आणि ते भाकीत साफ चुकले, पण तोवर कायदे होऊन गेले होते. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेतून काढणे बंधनकारक केले. त्यातून ‘शून्य सहिष्णुता’ हे धोरण, म्हणजे कृत्यामागचे कारण, मुलाचे वय वा परिस्थिती न पाहता ठरलेली शिक्षा देणे, बंदुकीपुरते न राहता मारामारी, उद्धटपणा आणि वर्गातील गोंगाट यांच्यापर्यंत पसरले.

२० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा विद्यार्थी व एका शिक्षकाची हत्या केली. या घटनेनंतर केंद्र सरकारच्या न्याय खात्याने शाळांत पोलीस नेमण्यासाठी अनुदानाचा ओघ सुरू केला आणि काही वर्षांत सुमारे ७५ कोटी डॉलर खर्चून साडेसहा हजारांहून अधिक पदे निर्माण झाली. कोलंबाइनमध्ये त्या दिवशी सशस्त्र शालेय पोलीस अधिकारी नेमलेला होता आणि त्याने हल्लेखोरावर गोळ्याही झाडल्या होत्या, ही वस्तुस्थिती अनुदानाच्या उत्साहात मागे पडली. पोलीस नेमायला पैसा होता. समुपदेशक, परिचारिका, मानसशास्त्रज्ञ यांच्यासाठी तितका नव्हता, आणि पैशाच्या या वाटणीनेच पुढचे बरेचसे ठरवले.

शालेय पोलिसांची राष्ट्रीय संघटना १९९१ मध्ये स्थापन झाली. तिच्या मते अधिकाऱ्याने तीन कामे करायची असतात : कायद्याची अंमलबजावणी, अनौपचारिक समुपदेशन आणि अध्यापन. कागदावर ही त्रयी आकर्षक दिसते. प्रत्यक्षात यातील दोन कामे मुलाचा विश्वास मिळवण्याची आहेत आणि तिसरे काम त्या विश्वासातून हाती आलेली माहिती पुरावा म्हणून वापरू शकते. समुपदेशकाला सांगितलेली गोष्ट सर्वसाधारणपणे गोपनीय राहते, पोलिसाला सांगितलेल्या गोष्टीला तसे संरक्षण नसते. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला समोरचा माणूस या क्षणी कोणत्या भूमिकेत आहे, हे ओळखता येईल असे मानणे अन्यायाचे आहे.

कायद्याने ही गुंतागुंत वाढवलीच. १९८५ मध्ये न्यू जर्सीतील एका चौदा वर्षांच्या मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, शाळेच्या स्वच्छतागृहात सिगारेट ओढताना सापडलेल्या विद्यार्थिनीच्या पर्सची झडती घेताना उपमुख्याध्यापकाला पोलिसांवर असते तेवढे कडक बंधन नाही. ‘वाजवी संशय’ पुरेसा आहे. शिक्षकाचा हेतू शिस्तीचा असतो, अशी या सवलतीमागची धारणा होती. शाळेतच पोलीस असेल तर त्याला शिक्षकाची सवलत लागू करायची की पोलिसाचे बंधन, याचे उत्तर त्या निकालाने मुद्दाम खुले ठेवले, आणि नंतर अनेक राज्यांच्या न्यायालयांनी शालेय पोलिसाला शिक्षकाच्या रांगेत बसवले.

२०११ मधील नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यातील तपशील याहून बोलके आहेत. सातवीत शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या एका मुलाला सामाजिक शास्त्रांच्या तासातून गणवेशातील पोलिसाने उठवून बैठकीच्या खोलीत नेले. तिथे दार लावून घेण्यात आले; आत पोलीस तपास अधिकारी, शालेय पोलीस, उपमुख्याध्यापक आणि एक प्रशिक्षणार्थी प्रशासक अशी चार मोठी माणसे होती. परिसरातील घरफोड्यांविषयी त्याला किमान अर्धा तास प्रश्न विचारण्यात आले. त्याच्या आजीला, जी त्याची कायदेशीर पालक होती, कळवण्यात आले नाही. गप्प राहण्याचा हक्क आहे हे सांगण्यात आले नाही. आणि खोलीतून निघून जाण्याची मुभा आहे हे त्याने कबुली दिल्यानंतरच सांगण्यात आले. ताब्यात असलेल्या व्यक्तीला तिचे हक्क सांगणे पोलिसांवर बंधनकारक असते, पण राज्याचे म्हणणे असे की मुलगा ताब्यात नव्हताच, तो फक्त शाळेत होता. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की मूल ‘ताब्यात’ होते की नाही, हे पाहताना त्याचे वय विचारात घ्यावेच लागेल. मोठ्या माणसाने बोलावले की जायचे आणि विचारले की उत्तर द्यायचे, हेच शाळा मुलाला रोज शिकवते. त्या सवयीचा लाभ तपास यंत्रणेला होऊ देणे किती अनुचित आहे, हे या प्रकरणातून स्पष्ट होते. भारतीय कायद्याने या बाबतीत केलेला विचार येथे नोंदवण्यासारखा आहे : २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पीडित बालकाचा जबाब नोंदवणारा पोलीस अधिकारी गणवेशात असता कामा नये.

दुसरा परिणाम शिस्तीचे प्रश्न गुन्हा ठरण्याचा. साउथ कॅरोलिना राज्यात १९१९ पासून ‘शाळेत व्यत्यय आणणे’ हा गुन्हा होता. बाहेरच्या पुरुषांनी मुलींच्या शिक्षणसंस्थांत जाऊन त्रास देऊ नये म्हणून तो कायदा मुळात झाला होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये तिथल्या एका हायस्कूलमध्ये गणिताच्या वर्गात मोबाइलवरून वाद झाला, विद्यार्थिनी वर्गाबाहेर जाईना, म्हणून शालेय पोलिसाला बोलावण्यात आले, आणि त्याने तिला बाकासकट उलथवून जमिनीवरून फरफटत नेले. त्या मुलीला आणि या वागणुकीला आक्षेप घेणाऱ्या तिच्या वर्गमैत्रिणीला, दोघींनाही, त्याच शतकभर जुन्या कायद्याखाली अटक झाली. चित्रफीत देशभर पाहिली गेली, अधिकाऱ्याची नोकरी गेली, आणि २०१८ मध्ये कायदा बदलून विद्यार्थ्यांना त्यातून वगळण्यात आले. एका शिक्षकाला आणि एका प्रशासकाला जे काम धीराने, कदाचित तास संपल्यावर, करता आले असते, ते पोलीस हाताशी आहे म्हणून पोलिसाकडे गेले. व्यवस्थेतला दोष तिथे आहे, आणि त्या अधिकाऱ्याला काढून टाकल्याने तो दूर होत नाही.

या ओझ्याची वाटणीही समान नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या २०१५-१६ च्या आकडेवारीनुसार कृष्णवर्णीय विद्यार्थी एकूण पटाच्या सुमारे १५ टक्के होते, पण पोलिसांकडे पाठवलेल्या वा अटक झालेल्या विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते.

गोळीबारापासून संरक्षण हा या नेमणुकांच्या समर्थनातला सर्वांत मोठा मुद्दा आहे, आणि मुलांच्या जिवाशी संबंधित असल्याने तो गांभीर्याने तपासायला हवा. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथे सतरा जण मारले गेले, तेव्हा नेमलेला सशस्त्र अधिकारी इमारतीबाहेर थांबून राहिला. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. तिथल्या शिक्षण मंडळाचे स्वतःचे पोलीस खाते होते, विविध यंत्रणांचे ३७६ अधिकारी घटनास्थळी जमले, आणि तरीही हल्लेखोराला संपवायला सत्तर मिनिटांहून अधिक काळ लागला. १९८० ते २०१९ या काळातील १३३ घटनांच्या एका अभ्यासात सशस्त्र रक्षक असल्याने जीवितहानी कमी झाल्याचे आढळले नाही. दुसऱ्या बाजूने, अलीकडील एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात पोलिसांमुळे शाळांमधील मारामाऱ्या आणि धमक्या काही प्रमाणात कमी होतात असेही दिसले. त्याच अभ्यासात निलंबन, शाळेतून काढणे आणि अटक यांत वाढही दिसली, आणि ती कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत जास्त होती. रोज भांडणाच्या भीतीत शिकणाऱ्या मुलाच्या आईला यातला पहिला निष्कर्ष क्षुल्लक वाटणार नाही, आणि तिला तसे वाटावे अशी अपेक्षा करणेही चूक ठरेल.

नित्याच्या शिस्तीत पोलिसांना गुंतवू नये, असा सल्ला केंद्राच्या शिक्षण व न्याय खात्यांनी जानेवारी २०१४ मध्ये दिला होता. पार्कलंडनंतर नेमलेल्या आयोगाच्या शिफारशीवरून तो डिसेंबर २०१८ मध्ये मागे घेण्यात आला, आणि सीमारेषा आखण्याचे काम पुन्हा शिक्षण मंडळ आणि पोलीस यांच्यातील स्थानिक करारांवर आले. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाची पोलिसाकडून हत्या झाल्यावर तिथल्या शिक्षण मंडळाने काही दिवसांतच पोलिसांशी असलेला करार संपवला, ओकलंडने स्वतःचे शालेय पोलीस खातेच बंद केले आणि डेन्व्हरनेही अधिकारी माघारी पाठवण्याचा ठराव केला.

डेन्व्हरमध्ये पुढे घडले ते दोन्ही पक्षांनी नीट वाचण्यासारखे आहे. मार्च २०२३ मध्ये तिथल्या ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने केलेल्या गोळीबारात शाळेचे दोन प्रशासक जखमी झाले. त्या विद्यार्थ्याची शाळेत आल्यावर रोज अंगझडती घ्यावी असे आधीच ठरले होते आणि ती झडती हे प्रशासक स्वतःच्या हातांनी घेत होते. पोलीस गेला, पण त्याचे सर्वांत धोक्याचे काम शाळेतच राहिले, आणि ज्यांचा तो पेशा नाही अशा शिक्षणक्षेत्रातील माणसांच्या अंगावर पडले. मंडळाने त्याच वर्षी अधिकारी परत आणले. पोलीस शिक्षकाचे काम करू लागल्याने जे बिघडते, त्याच जातीचा बिघाड शिक्षक पोलिसाचे काम करू लागल्यानेही होतो. म्हणून कोणते काम कोणाचे, कोणत्या प्रसंगी मुख्याध्यापकाने पोलिसाला बोलवायचे नाही आणि कोणत्या प्रसंगी बोलवायलाच हवे, चौकशीपूर्वी पालकाला कळवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या स्थानिक करारात नेमक्या शब्दांत लिहिलेले असणे हे अधिकारी ठेवावा की काढावा या वादाइतकेच निकडीचे आहे.

या साऱ्यात समुपदेशकाचे पद मात्र रिकामेच राहिले. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सांगते. बहुसंख्य राज्ये या मर्यादेत बसत नाहीत. त्या पदाचा इतिहास, आणि महाराष्ट्रातील शाळांत त्याची आजची स्थिती, पुढील लेखांकात पाहू.