बटण दाबले, पण नोंद नाही : लिनक्समधील एक दुरुस्ती

बटण दाबले की त्यातील धातूचे संपर्क काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकाच दाबात विद्युत संकेत अनेकदा चालू-बंद होतो. म्हणून बटणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते हाताळणारे सॉफ्टवेअर, थरथर थांबेपर्यंत वाट पाहून मगच स्थिती तपासतो.

लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘जीपीआयओ-कीज’ ड्रायव्हरमध्ये ही तपासणी पूर्वी ‘वर्कक्यू’वर, म्हणजे लांबणीवर टाकलेल्या कामांच्या रांगेवर, सोपवली जात असे. ही रांग कर्नलच्या ठोक्यांवर चालते. सेकंदाला 100 ठोके असतील, तर दोन ठोक्यांत 10 मिलिसेकंदांचे अंतर पडते. ड्रायव्हरने 5 मिलिसेकंद मागितले, तरी त्याला निदान पुढच्या ठोक्यापर्यंत थांबावे लागते. त्यानंतरही कामाला प्रोसेसरवर पाळी मिळायला हवी. तोवर बोट उचलले गेले, तर तपासणीत बटण दाबलेले दिसतच नसे आणि दाबाची नोंद हुकत असे. वापरणारा मात्र दोष बटणालाच देणार!

2021 मध्ये या कामासाठी रांगेऐवजी ‘एचआरटायमर’ हा सूक्ष्म कालमापक योजण्यात आला. कर्नलमध्ये तो 2006 पासून आहे. तो ठोक्याची वाट पाहत नाही. मुदत भरताच इंटरप्टच्या अवस्थेत काम उरकतो. अडचण एवढीच, की त्या अवस्थेत कोणत्याही कामाला थांबण्याची मुभा नसते. काही बटणे मात्र आय-टू-सीसारख्या संथ वाहिनीमार्गे जोडलेली असतात आणि त्यांची स्थिती वाचताना थांबणे अटळ असते. त्यांच्यासाठी ड्रायव्हरमध्ये जुनी रांगच कायम ठेवण्यात आली आहे.