रानातली परटीण

ब्राझीलच्या ईशान्य भागात, सेआरा राज्याच्या दक्षिण सीमेवर, आरारिपे नावाचे पठार आहे. त्याच्या उतारावरील वनात राहणाऱ्या एका लहान पक्ष्याचा परिचय विज्ञानास 1996 साली झाला. 1998 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले व बोकरमान ह्या ब्राझिलियन प्राणिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ त्यास ‘अँटिलोफिया बोकरमानी’ असे नाव मिळाले. ग्रीक ‘लोफोस’ म्हणजे तुरा. नर शुभ्र असून त्याचे पंख व शेपटी काळी असतात. कपाळावरील तुऱ्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत तो लालभडक असतो. मादी हिरवट असते. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर.

शास्त्रीय नामाने तुरा टिपला. लोकांनी दिलेल्या एका नावाने निवासस्थान टिपले. ते नाव ‘लावादेइरा दा माता’. येथील ‘माता’ म्हणजे पोर्तुगीज भाषेतील रान. तेव्हा अर्थ झाला ‘रानातली परटीण’. पाणवठ्यावर शेपटी हलवीत फिरणाऱ्या एका पक्ष्यास आपणही परीट किंवा धोबी म्हणतो. दोन्ही पक्ष्यांची कुळे भिन्न आहेत. परंतु पाण्यालगतचा पक्षी पाहून कपडे धुणाऱ्याची आठवण व्हावी, ही दृष्टी समान आहे.

हे नाव किती यथार्थ आहे, ते त्या भूमीच्या रचनेवरून कळते. सभोवतालचा प्रदेश ‘काटिंगा’ ह्या काटेरी, शुष्क रानाचा आहे. तुपी भाषेतील ह्या शब्दाचा अर्थ ‘पांढरे रान’. कोरड्या ऋतूत पाने गळून खोडे पांढुरकी दिसतात. पठारावर पडणारा पाऊस मात्र सच्छिद्र वालुकाश्मात मुरतो आणि खालच्या अभेद्य थरावर अडून उतारावर झऱ्यांच्या रूपाने प्रकटतो. ह्या झऱ्यांमुळेच क्रातो, बार्बाल्या व मिसाँव वेल्या ह्या गावांच्या परिसरात आर्द्र वनाची एक अरुंद पट्टी टिकली आहे. मादी ओढ्यावर झुकलेल्या फांदीवर घरटे बांधते.

हेच पाणी वस्तीला, शेतीला व स्नानाच्या तलावांना हवे असते. झरा उगमाशीच नळात घातला की खालचा ओढा आटतो व त्याच्या काठचे रान विरळ होते. आज ह्या पक्ष्यांची संख्या शेकड्यांतच मोजावी लागते. जागतिक सूचीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आहे. पठाराच्या माथ्यावर 1946 पासून राष्ट्रीय वन आहे. परंतु पाऊस माथ्यावर मुरतो आणि पक्षी उतारावर राहतो. म्हणून केवळ माथा राखून भागत नाही. झऱ्यातील काही पाणी ओढ्यास वाहू दिले, तरच ‘परटीण’ हे नाव सार्थ राहील.